घरची सुरा व सरकारची अबकारी

नंदुरबाराहून दोंडाईच्याकडे जातांना रनाळे हें गांव लागतें. तापीखोऱ्याच्या ह्या भागांत उन्हाळा कडक. आणि त्याच्या आरंभींच, फाल्गुन-चैत्रांत, जवळच्या डोंगरांत मोहाचीं फुलें गळतात. ह्या प्रांतांतील मद्यपानाचा विषय निघाला कीं, पिणें हा डोंगरी लोकांचा जन्मस्वभावच होय, असें म्हणून पुष्कळ लेखक मोकळे होतात. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. 'दारू' ह्या एका शब्दाखालीं दोन भिन्न वस्तू दडल्या असून त्यांचा इतिहासही भिन्न आहे.

प्रथम वस्तुभेद पाहूं. आंबवलेलें पेय हलकें, गाळलेलें कडक. शिंदीचा व ताडाचा रस झाडावरील मडक्यांतच आंबूं लागतो. उन्हाळ्यांत सकाळची नीरा दुपारपर्यंत ताडी होते, आणि पुढें तिचें आंबट पाणी होतें. मोहाच्या फुलांत साखर मूळचीच असते. तीं भिजत घातलीं कीं कांहीं दिवसांत आंबतात, व तें आंबवण भट्टीवर चढवून वाफ थंड केली म्हणजे दारू होते. धान्याचें तसें नाहीं. त्यांतील पिठूळ अंशाची आधीं साखर व्हावी लागते. यूरोपांत हें काम मोड आलेल्या सातूकडून करवून बियर काढतात. आमच्याकडे तें किण्वानें साधीत.

ह्याचें प्रमाण कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, सुराध्यक्षाच्या प्रकरणीं, सांपडतें. मेदक नांवाच्या पेयास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व घ्यावें, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे सोळा भाग पाण्यास दोन भाग तांदूळ व तीन भाग किण्व. किण्व उडीद, तांदूळ व मोरटादि वनस्पती ह्यांचें करीत. कौटिल्य मद्याच्या बाबतींत सैल मुळींच नव्हता. नेमल्या जागेबाहेर सुरा करणारास, घेणारास व विकणारास त्यानें सहाशें पण दंड सांगितला आहे. तथापि त्याच प्रकरणांत तो गृहस्थांस कुळाचाराच्या प्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. उत्सव व यात्रा ह्यांसाठींही चार दिवसांची सवलत ठेवतो. दुकान राजाचें, परंतु कुळाचारापुरती चूल गृहस्थाची, अशी ही वांटणी होती.

इ. स. १८१८ त खानदेश इंग्रजांकडे आला, आणि इ. स. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें ही वांटणी मोडली. परवान्यावांचून मद्य करणें हा गुन्हा ठरला. ताडीच्या झाडांवर कर बसला. आंबवलेलें पेय टिकत नाहीं व दूर नेतां येत नाहीं. गाळलेली दारू टिकते, मापतां येते, व म्हणून तिच्यावर कर घेणें सोपें जातें. तेव्हां सरकारी व्यवस्थेंत हलकें पेय मागें पडून कडक दारूस वाव मिळाला असावा, असें आमचें अनुमान आहे. एवढें मात्र निश्चित कीं, मद्य घरांतून निघून दुकानांत गेलें, आणि तें पिणारा कलालाचा देणेकरी होण्याचा मार्ग खुला झाला.

ह्याचें उत्तर लोकांनींच दिलें. तळोदें तालुक्यांतील मोरवडचे संत गुलाम महाराज ह्यांनीं इ. स. १९३७-३८ त भिल्लादि लोकांस मद्य सोडण्याचा व परस्परांस 'आप' म्हणण्याचा उपदेश केला, आणि त्यामागें फार मोठा समाज गेला. पिणें जन्मस्वभाव असता, तर केवळ उपदेशानें इतक्या लोकांनीं तें टाकलें नसतें. पुढें इ. स. १९४९ त मुंबई दारूबंदी कायदा झाला. इ. स. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत मादक पदार्थांची बंदी वा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या पातळीवर देण्याची तरतूद केली.

अर्थात् जो प्रश्न कौटिल्यानें गृहस्थापुरता सोडविला व इ. स. १८७८ त सरकारनें आपल्या हातीं घेतला, तो फिरून गांवापाशीं आला आहे. त्याचा निवाडा करणारांनीं घरचें आंबवण व दुकानची दारू ह्यांस एकाच मापानें मोजूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.