विश्रांतींतील गणकयंत्राची परीक्षा

रोग जडल्यावर वैद्यास बोलावण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु धडधाकट दिसणाऱ्यास मुद्दाम थंडीवाऱ्यांत उभें करून तो कोठें कच्चा आहे हें पाहण्याची युक्ति एका यंत्राच्या बाबतींत योजिली गेली.

१९४६ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत 'एनिॲक' हें प्रचंड गणकयंत्र जगापुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नलिका होत्या. नलिका ही विजेच्या दिव्याची सख्खी बहीण. ती केव्हां तरी जाणारच. पूर्ण जळालेली नलिका निदान उघड शत्रु तरी असते. खरा घात करी ती अर्धवट थकलेली. ती दहा वेळां बरोबर चाले आणि अकराव्या वेळीं गणित बिघडवी.

मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञानसंस्थेंत जे फॉरेस्टर व त्यांचे सहकारी 'व्हर्लविंड' हें यंत्र बांधीत होते. तें १९५१ सालीं कामास लागलें. घडणाऱ्या घटनांच्या बरोबरीनें उत्तरें देणें हें त्याचें कर्तव्य. तेथें उद्यां पुन्हां गणित करूं असें म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून यंत्र नित्याच्या कामांतून सोडवून, उत्तर आधींच ठाऊक असलेलीं गणितें त्यास घालीत, आणि तीं चालू असतांना एकेका भागाचा विद्युद्दाब मुद्दाम कमीअधिक करीत. सशक्त नलिका हा जाच सोशी. दुर्बल नलिका तत्काळ चुके व पकडली जाई. उद्यां होणारा बिघाड आजच, आणि तोहि सवडीच्या वेळीं, घडवून आणावयाचा! मला तर ही कल्पना खुद्द यंत्राहूनहि थोर वाटते.

शंका एवढीच, कीं परीक्षा देणारा आणि घेणारा येथें एकच. यंत्राचा गाभाच बिघडला तर त्याच्या साक्षीस किंमत काय? अमेरिकेच्या हवाई संरक्षणाकरितां उभारलेल्या 'सेज' योजनेंत, जिचें पहिलें केंद्र १९५८ सालीं न्यू जर्सींतील मॅक्ग्वायर तळावर सुरू झालें, एकेका केंद्रांत दोन यंत्रें ठेवीत. प्रत्येकांत दशसहस्रावधि नलिका. एक आकाशावर नजर ठेवी, दुसरें राखीव राही, आणि त्याची अशीच कसून तपासणी चाले. खर्च राजेशाही खरा. पण शत्रूचें विमान येत असतां यंत्राची चूक कोणास परवडणार?

पुढें नलिका गेल्या, ट्रान्झिस्टर आले, तरी परीक्षा राहिली. १९८१ सालीं आय. बी. एम्. कंपनीनें विकावयास काढलेला टेबलावरील संगणक चालू करतांच कोणतेंहि काम हातीं घेण्यापूर्वीं आपली स्मृति तपाशी, आणि सर्व ठीक असल्यास एकदांच बारीक आवाज करी.