रकान्यांचे ओळींत रूपांतर

रकान्यांचे ओळींत रूपांतर : आडव्या पसरलेल्या तक्त्यातील समजातीय रकाने मोडून, त्यांची शीर्षके एका रकान्यात व त्यांखालील मूल्ये दुसऱ्या रकान्यात उतरवून, प्रत्येक निरीक्षणास स्वतंत्र ओळ देण्याची क्रिया. पेढीवरच्या रोजकिर्दीत प्रत्येक व्यवहार तारीख, खाते व रक्कम यांसह आपल्या ओळीत बसतो आणि तिच्यावरून खतावणी हवी तशी पाडता येते. या क्रियेने तक्त्यास तेच किर्दीचे रूप येते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाचा १९०१ पासूनचा उपविभागवार मासिक पर्जन्याचा तक्ता हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या प्रत्येक ओळीत एका उपविभागाचे एक वर्ष, पुढे जानेवारी ते डिसेंबर असे १२ रकाने, त्यानंतर वार्षिक बेरजेचा एक आणि ऋतुवार बेरजांचे चार रकाने असतात. येथे ‘जुलै’ ही वस्तुतः माहिती असूनही तिला शीर्षकाच्या जागी बसविलेले असल्यामुळे, महिन्यानुसार निवड, वर्गवारी वा आलेख करू जाणाऱ्यास बारा रकान्यांशी बारा वेळा झगडावे लागते. रूपांतरानंतर उपविभाग, वर्ष, महिना व पर्जन्य एवढे चारच रकाने उरतात. कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या चार उपविभागांच्या शंभर वर्षांच्या ४०० ओळींच्या ४,८०० ओळी होतात, आणि कोणत्याही प्रश्नास एकाच रीतीने उत्तर मिळते.

मात्र बेरजेचे रकाने आधी वगळले पाहिजेत. ते तसेच ओळींत उतरले, तर प्रत्येक थेंब एकदा महिन्यात, एकदा ऋतूत व एकदा वर्षात मोजला जाऊन एकूण पर्जन्य तिप्पट दिसते, आणि तक्ता बाह्यतः निर्दोष असल्यामुळे ही चूक सहजी ध्यानात येत नाही. रकान्यातील रिकामी जागा म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हा भेदही कटाक्षाने राखावा. अनेक आज्ञावलींत रिक्त मूल्यांच्या ओळी गाळण्याची सोय असते, पण ती वापरल्यास नोंद राहिली नव्हती याची खूणच दप्तरातून पुसली जाते. महिन्यांना क्रमांक देणेही अगत्याचे, कारण अकारविल्ह्याने एप्रिल जानेवारीच्या आधी येऊन बसतो.

या विचाराचे तात्त्विक मूळ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात आहे. हॅडली विकहॅम यांनी २०१४ च्या आपल्या निबंधात तेच तत्त्व संख्याशास्त्राच्या भाषेत मांडले : प्रत्येक चलास एक रकाना, प्रत्येक निरीक्षणास एक ओळ आणि प्रत्येक प्रकारच्या निरीक्षण-एककास एक तक्ता. त्यांच्या आर भाषेतील आज्ञावलीत या क्रियेस प्रथम ‘मेल्ट’ आणि उलट क्रियेस ‘कास्ट’ अशी नावे होती; धातू वितळवून पुन्हा साच्यात ओतण्याची ही कल्पना मोठी समर्पक आहे. पुढे २०१९ मध्ये ‘पिव्हट लाँगर’ हे नाव रूढ झाले. पायथॉनच्या पांडास संचात ‘मेल्ट’ कायम आहे, तर एक्सेलच्या पॉवर क्वेरीत याच क्रियेस ‘अनपिव्हट’ म्हणतात.

ओळी वाढल्याने उपविभागाचे नाव व वर्ष यांची पुनरुक्ती होते आणि एक्सेलच्या एका पानाची १०,४८,५७६ ओळींची मर्यादा मोठ्या दप्तरास अपुरी पडू शकते. शिवाय डोळ्याने वाचण्यास आडवा तक्ताच सोयीचा, हे निर्विवाद आहे. म्हणून आकडेवारी प्रसिद्ध करणाऱ्या कचेऱ्यांनी छापील आडव्या तक्त्यासोबत तिचे ओळवार रूपही अभ्यासकांच्या हाती द्यावे.