पेनिसिलिन-बंधक प्रथिन चाचणी

जिवाणूच्या पेशीपटलातील कोणत्या प्रथिनांना पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील प्रतिजैविके चिकटतात, हे ओळखण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. ही प्रथिने म्हणजे पेशीभित्तीचे धागे एकमेकांना जोडणारी किंवा छाटणारी विकरे होत. विकरातील सेरीन पेनिसिलिनचे बीटा-लॅक्टम वलय फोडते आणि त्याच्याशी सहसंयुजी बंधाने अडकून पडते. अपमार्जकात उकळले तरी हा बंध सहसा सुटत नाही. सारी चाचणी त्यावरच उभी आहे.

किरणोत्सारी गंधक असलेले पेनिसिलिन 1940 च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले. जिवाणू किती औषध धरून ठेवतो हे त्यातून मोजता आले, पण ते नेमके कोठे बसते हे कळेना. ब्रायन स्प्रॅट यांनी 1975 मध्ये एश्चेरिकिया कोलायमध्ये ते दाखवले. पेशी फोडून मिळवलेली पटले कार्बन-14 असलेल्या पेनिसिलिनमध्ये थोडा वेळ ठेवायची, मग साधे पेनिसिलिन भरपूर ओतून खूण लागणे थांबवायचे. त्यानंतर प्रथिने अपमार्जकात उकळून, विद्युत्‌प्रवाहाने जेलमधून आकारमानानुसार वेगळी करून त्यावर क्ष-किरण फिल्म ठेवायची. किरणोत्सार क्षीण असल्याने पट्टे उमटायला आठवडे लागत. सर्वांत जड प्रथिनापासून पट्ट्यांना क्रमांक मिळाले.

मेसिलिनम हे प्रतिजैविक फक्त दुसऱ्या प्रथिनाला धरते आणि जिवाणू गोल होतो. सेफॅलेक्सिन तिसऱ्याला धरते, तेव्हा पेशी न विभागता दोऱ्यासारखी लांबत जाते. फिल्मवर ठळक दिसतो तो मात्र पाचवा पट्टा. स्प्रॅट यांच्या मोजणीनुसार एका पेशीत त्याचे सुमारे 1,800 रेणू असतात, दुसऱ्याचे जेमतेम 20. तरीही पाचवे प्रथिन गमावलेला जिवाणू खुशाल वाढतो. औषध कोठे जास्त चिकटते आणि कोठे मारते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नवे औषध तपासताना पटले आधी त्यात भिजवतात, मग खूण केलेले पेनिसिलिन घालतात. जो पट्टा फिका पडेल, ते प्रथिन नव्या औषधाने आधीच व्यापलेले असते. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये 2ए हे प्रथिन औषधांना जेमतेमच धरते. प्रतिरोधाचे मूळ तेच. 1999 पासून बोसिलिन हे चमकणारे पेनिसिलिन वापरात आले आणि आठवड्यांचे काम काही तासांवर आले.

पटलावर दिसलेले बंधन जिवंत पेशीत तसेच होईल असे नाही: बाह्यपटल औषध अडवते, बीटा-लॅक्टमेज हे विकर ते वाटेतच फोडते. शिवाय पाचवे प्रथिन काही मिनिटांत पेनिसिलिन सोडून देते, म्हणून उकळायला उशीर झाला तर सर्वांत ठळक पट्टाच पुसट होतो.