डोंगरातलं बंड : राघोजी भांगरे आणि होन्या केंगले

आज आपल्याच डोंगरातल्या दोन माणसांची गोष्ट सांगते.

मढच्या वर हरिश्चंद्रगडाची रांग दिसते ना, तिच्या पलीकडे अकोले तालुक्यात देवगाव आहे. राघोजी भांगरे तिथले. जन्म १८०५ चा, घराणं महादेव कोळी नाईकांचं. बहामनी काळापासून या मावळांत नाईकांचा मान होता. घाटवाटांची राखण आणि किल्ल्यांची शिबंदी त्यांच्याकडे होती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल आला. त्यांनी किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, जुने हक्क कमी केले आणि सारा रोख मागायला सुरुवात केली. नाचणी-वरई पिकवणाऱ्या घरात रोकड कुठून असणार? मग माणूस सावकाराच्या दारी जायचा. कागदावर काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही, अंगठा मात्र उठायचा. व्याज फिटेना, की जमीन जायची.

राघोजींचे वडील रामजी यांनीही आधी बंड केलं होतं. १८४४ च्या सुमाराला राघोजी आणि त्यांचे भाऊबंद बापू भांगरे उठले. त्यांचा रोख सावकारांवर आणि सरकारवर होता. सावकारांची नाकं कापल्याच्याही नोंदी आहेत. बंड म्हटलं की हिंसा आलीच, ती झाकायचं कारण नाही. पण माणसं त्या टोकाला का गेली, हेही विसरायचं नाही.

राघोजी सापडेनात, तेव्हा पोलिसांनी त्यांच्या आईचे हाल केले, असं आपल्याकडे सांगतात. बाईवरच राग काढायचा, ही रीत जुनीच!

१८४५ च्या ऑगस्टात बापू पकडले गेले. २ जानेवारी १८४८ ला राघोजी पंढरपुरात सापडले आणि २ मे रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

दूर स्कॉटलंडमध्येही असाच एक सरदार होऊन गेला, विल्यम वॉलेस. १२९७ मध्ये त्यानं इंग्रज फौजेला स्टर्लिंगच्या पुलापाशी हरवलं. पुढं त्याच्याच देशातल्या माणसानं त्याला धरून दिलं आणि १३०५ मध्ये लंडनला त्याला मारलं. तिथली पोरंसोरंही त्याचं नाव घेतात. आपल्या पोरांना राघोजी माहीत आहेत का?

आणि होन्या तरी? होन्या भागोजी केंगले आंबेगावच्या जांभोरीचा. १८७३ पासून त्यानं सावकारांना हैराण केलं. सरकारनं त्याच्यावर हजार रुपयांचं इनाम लावलं, तरी १८७६ पर्यंत तो हाती लागला नाही. मधल्या १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार त्यामुळे कोर्टाला मिळाला.

फासावर गेलेल्या राघोजींना हा कायदा बघायला मिळाला नाही. पण तो सरकारला आपणहून सुचला नव्हता, मैत्रिणींनो. या डोंगरांनी तो करायला लावला.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. कर्जाचा कागद आला, की एकीनं तो मोठ्यानं वाचायचा आणि व्याज सगळ्यांना कळलं, की मगच सही. आणि घरातल्या म्हाताऱ्या आजीला राघोजींबद्दल विचारा. तिला जे आठवतं ते लिहून ठेवा. ते पुस्तकात असेलच असं नाही.