दार लागले, कडी लागलीच नाही

3 मार्च 1974. इस्तंबूलहून पॅरिसमार्गे लंडनला चाललेले तुर्की एअरलाइन्सचे डीसी-10. अपघाताला सव्वा मिनिट लागले. त्याची तयारी चार वर्षे चालू होती.

29 मे 1970, लाँग बीच, अमेरिका : डग्लस कंपनीच्या डीसी-10च्या जमिनीवरच्या दाबचाचणीत पुढचे सामानाचे दार उडाले, वरची प्रवासी कक्षाची जमीन खचली. खापर मेकॅनिकवर फुटले. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर वाफेनेच घट्ट होतो. हे दार मात्र बाहेर उघडणारे, त्यामुळे हवेचा सारा जोर कड्यांवर.

12 जून 1972, विंडसर, कॅनडा : अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-10चे तशाच रचनेचे मागचे सामानाचे दार हवेत उडाले. कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक यांनी विमान डेट्रॉइटला उतरवले. सगळे 67 जण वाचले.

27 जून 1972 : डग्लससाठी दाराचे काम करणाऱ्या कॉन्वेअर कंपनीचे अभियंता डॅन अ‍ॅपलगेट यांनी वरिष्ठांना लिहून दिले : ही दारे पुन्हा उडणार आणि बहुधा विमानच जाणार. दुरुस्तीचा सक्तीचा आदेश मात्र निघाला नाही. अमेरिकी विमान वाहतूक खात्याचे प्रमुख आणि डग्लसचे अध्यक्ष यांचे आदेश न काढण्याचे फोनवर ठरले होते.

जुलै 1972 : पुढे तुर्कस्तानला गेलेल्या विमानात कुलपाची आधारपट्टी बसवल्याची नोंद झाली, तपासनिसांचे शिक्केही पडले. पट्टी बसवलीच नव्हती.

3 मार्च 1974, सकाळी 11:02 : विमान पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर उतरले. ब्रिटिश विमान कंपनीतल्या संपामुळे लंडनला जाणारे दोनशेहून जास्त प्रवासी यात चढले.

11:35च्या सुमारास : सामान भरणाऱ्याने दार लावले. हँडल सहज खाली आले. कुलपाचे खिळे बसले का, हे पाहायला बारीक खिडकी होती; सूचना इंग्रजी आणि तुर्कीत, त्या त्याला वाचता येत नव्हत्या. खिडकीतून कुणीच पाहिले नाही.

12:30 नंतर : अर्धा तास उशिराने उड्डाण.

12:40 : उंची सुमारे 3,500 मीटर, तोरण्याच्या अडीचपट. दार उडाले. खालची हवा क्षणात निसटली, वरच्या हवेने जमीन खाली दाबली. सहा प्रवासी खुर्च्यांसकट बाहेर फेकले गेले. जमिनीखालून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा तुटल्या.

12:41 : विमान एर्मनोंव्हिलच्या जंगलात कोसळले. 346 मृत्यू.

6 मार्च 1974 : दुरुस्तीचा सक्तीचा आदेश निघाला. तो काढायला विंडसरची घटना पुरेशी होती.