साथीचा सूर : गोविंदराव टेंबे आणि पेटी

मैफिलीत साथीदाराचे स्थान मोठे चमत्कारिक असते. त्याचे सारे कौशल्य दुसऱ्याचे गाणे खुलविण्यात खर्च व्हावयाचे, आणि बैठक उठली की श्रोत्यांच्या मुखी नाव गवयाचे. पाश्चात्य संगीतात गायकास पियानोची साथ करणाऱ्याची जी स्थिती, तीच आपल्याकडे पेटीवाल्याची. ही स्थिती पत्करूनही ज्यांनी पेटीस प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत गोविंदराव टेंबे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८८१ सालचा, कोल्हापूरकडचा.

पेटी मूळची परदेशी. पॅरिसच्या देबँ नामक कारागिराने १८४२ साली हार्मोनियमची सनद घेतली. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता चालवून वाजवावयाचे. पुढे कलकत्त्यास हातभात्याची पेटी घडू लागली आणि गादीवर बसणाऱ्या गवयाशेजारी तिला जागा मिळाली. मात्र तिच्या पितळी पट्ट्यांचे सूर ठरीव. मींड तीतून निघत नाही, आणि तिची स्वरांतरे रागांतील सूक्ष्म श्रुतींशी तंतोतंत जुळत नाहीत.

म्हणूनच साथीदाराची कसोटी अवघड. तान कोठे वळणार हे आधी ओळखावे, पण आधी वाजवू नये. गवई दमासाठी थांबला असता पोकळी भरावी, पण स्वतःचे गाणे मांडू नये. गोविंदरावांनी हा विवेक कमावला तो भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसून. बुवांना ते गुरुस्थानी मानीत.

ही कमाई रंगभूमीच्याही कामी आली. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’स त्यांनी चाली दिल्या. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ ह्या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेच.

परंतु १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीस आपले दार बंद केले. आक्षेप निराधार नव्हते. रवींद्रनाथ ठाकुरांसही पेटी नको होती. तथापि दोष वाद्याचा, आणि शिक्षा भोगली वादकांनी. ज्या हातांनी त्या दोषांवर मात करण्यात आयुष्य वेचले, त्यांची विद्या ध्वनिक्षेपणाबाहेर राहिली. १९५५ साली गोविंदराव निवर्तले. बंदी सैल होण्यास १९७१ उजाडले.

दरम्यान लोकांनी पेटी टाकली नाही. कन्हानकाठच्या खाप्यासारख्या गावापासून मुंबईच्या मैफिलीपर्यंत भजनास, कीर्तनास, ख्यालास तिचीच सोबत राहिली. वाद्याचा निवाडा नुसत्या सुरांच्या मोजमापाने होत नाही. ते कोणाच्या हाती आहे आणि त्या हाताला थांबावे कोठे हे कळते की नाही, हेही पाहावे लागते. गोविंदरावांच्या हाताला ते कळत होते.