ऊन, माजघर आणि अंगदुखी : ड जीवनसत्त्वाच्या इतिहासातील नाशिकचे प्रकरण

दख्खनच्या पठारावर उन्हाची वाण नाही. धाराशिवपासून नाशिकपर्यंतचा मुलूख विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे अठरा ते वीस अंशांवर येतो. येथे वर्षाचे बाराही महिने माध्यान्हीच्या उन्हात, त्वचेमध्ये ड जीवनसत्त्व तयार व्हावे इतके जंबुपार किरण असतात. असे असता याच मुलखात, उन्हाच्या अभावी जडणाऱ्या एका व्याधीचा महत्त्वाचा पुरावा १९२२ साली नोंदला गेला, ही वस्तुस्थिती सकृद्दर्शनी चमत्कारिक वाटते. तिचा उलगडा करावा आणि कारण न सापडणाऱ्या अंगदुखीविषयीच्या आजच्या चर्चेत तिचा उपयोग काय ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. ड जीवनसत्त्वाची उणीव झाली म्हणजे अन्नातील चुना व स्फुरद आतड्यांतून पुरेसे शोषले जात नाहीत. लहान मुलांत त्यामुळे हाडे वाकतात; त्यास आपण मुडदूस म्हणतो. प्रौढांत हाडांची वाढ संपलेली असल्यामुळे ती वाकलेली दिसत नाहीत. परंतु झिजेच्या जागी भरणारा नवा हाडाचा थर क्षारांवाचून मऊच राहतो. यास अस्थिमार्दव असे नाव आहे. त्याची लक्षणे डोळ्यांस दिसण्याऐवजी रोग्याच्या तोंडूनच कळतात. कंबर, ओटी व मांड्या ठणकतात, नडगी दाबली असता कळ येते, मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो आणि चालण्याला झोल येतो. अशी स्त्री “हाडे दुखतात” किंवा “अंग मोडून आले” एवढेच सांगते. घरातील माणसे त्यास वात म्हणतात, नाही तर बाळंतपणातील कसर म्हणतात. दुखणे खरे असते. त्याला योग्य नाव मात्र मिळत नाही.

मुडदुसाच्या कारणासंबंधी विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात दोन पक्ष होते. एक पक्ष कोंदट वस्ती व मोकळ्या हवेचा अभाव यांस दोष देई, दुसरा आहारास. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या वैद्याने निरनिराळ्या देशांतील माहिती जमवून, जेथे ऊन मुबलक तेथे मुडदूस विरळ, असा निष्कर्ष काढला होता. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी याने कुत्र्यांच्या पिल्लांवरील प्रयोगांनी आहारपक्ष बळकट केला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की याने केवळ जंबुपार किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला. दोन्ही पक्षांचे पुरावे सबळ होते आणि त्यांचा मेळ बसत नव्हता.

अशा वेळी एच. एस. हचिसन आणि एस. जे. शहा यांचा नाशिक येथील अभ्यास १९२२ मध्ये एका इंग्रजी वैद्यक त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी हचिसन यांनी पी. टी. पटेल यांच्यासमवेत मुंबई शहरातील अर्भकांच्या मुडदुसाचाही अभ्यास केला होता. नाशिकच्या अभ्यासाचे बळ त्यातील तुलनेत आहे. पडदा पाळणाऱ्या मुसलमान घरांत व सधन उच्चवर्णीय हिंदू घरांत बालकांचा मुडदूस आणि मुलींस व तरुण स्त्रियांस होणारा उत्तरकालीन मुडदूस हे दोन्ही आढळले. या घरांचा आहार तुलनेने चांगला होता. उलट ज्या गरीब कुटुंबांतील स्त्रिया दिवसभर बाहेर कामावर जात आणि मुलांनाही बरोबर नेत, त्यांचा आहार निकृष्ट असूनही ती या व्याधीपासून बहुतांशी मुक्त होती. आहार हेच एकमेव कारण असते, तर व्याधीने गरिबाचे घर आधी गाठावयास हवे होते. तिने माजघर गाठले.

येथे जुन्या वाड्यातील राहणी ध्यानी घेणे अवश्य आहे. बाळंतिणीची खोली अंधारी असे. वारा लागू नये म्हणून झरोके बंद आणि बाजेखाली शेगडी. मान्यवर घरातील सून ओसरीवर क्वचितच येई. अंगणातले ऊन पुरुषांचे व कुळवाड्यांचे होते. प्रतिष्ठा जितकी अधिक तितका सूर्य दूर, असे या व्यवस्थेचे गणित होते. आणि त्याचा हिशेब स्त्रियांच्या हाडांत मांडला जात होता. ‘कारण न सापडणारी’ वेदना म्हणतात तिचे कारण पुष्कळदा शरीरात शोधून सापडत नव्हते. घराच्या रचनेत शोधले असते तर सापडले असते.

यानंतर रसायनशास्त्राने दोन्ही पक्षांचा मेळ घातला. १९२२ मध्ये मॅकॉलम याने कॉड माशाच्या तेलातील मुडदूसनाशक घटक वेगळा ओळखला आणि त्यास ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. हॅरिएट चिक व तिच्या सहकाऱ्यांनी व्हिएन्नात बालकांवर तेल आणि ऊन या दोहोंचाही गुण येतो हे दाखविले. १९२४ मध्ये स्टीनबॉक व हेस यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, की काही खाद्यपदार्थांवर जंबुपार किरण पाडले असता त्यांतही हा गुण उतरतो. एकच द्रव्य त्वचेत उन्हाने तयार होते आणि अन्नातूनही मिळते, असा त्याचा अर्थ होता. हिंदुस्थानात कॅथलीन व्हॉन यांनी काश्मीरमधील अनुभवावरून १९२८ मध्ये पडदापद्धती व मातृत्व यांवर ग्रंथ लिहिला. पडद्यातील स्त्रियांची मऊ पडून आक्रसलेली ओटी आणि अडलेली बाळंतपणे त्यांनी उघड्यावर राहणाऱ्या नावाड्यांच्या स्त्रियांशी ताडून पाहिली. डॅग्मार कर्जेल विल्सन यांनी पंजाबात केलेल्या पाहण्यांमुळे मात्र आहाराचा वाटाही पुन्हा पुढे आला.

हा शेवटचा मुद्दा धाराशिवच्या वाचकास विशेष महत्त्वाचा आहे. ज्वारी, बाजरी, गहू यांत फायटिक अम्ल असते व ते चुना बांधून ठेवते. आहारात दूधदुभते कमी आणि भाकरीच मुख्य असेल, तर शरीराला चुना अपुरा पडतो. १९८७ मध्ये क्लेमेंट्स व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले, की चुन्याच्या अशा तुटीत शरीरातील ड जीवनसत्त्वाचा साठाच अधिक वेगाने खर्ची पडतो. आंध्र प्रदेशातील तिरुपती भागात एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या अभ्यासात शेतीवर राबणाऱ्या ग्रामीण लोकांतही ही उणीव आढळली. तात्पर्य, नाशिकचा निष्कर्ष खरा असला तरी तो संपूर्ण नव्हे. खुरपणीस जाणाऱ्या स्त्रीला ऊन मिळते. दूध मिळतेच असे नाही.

१९६२ मध्ये ग्लासगो येथील पाकिस्तानी वस्तीत हीच व्याधी पुन्हा नोंदली गेली. १९७० नंतर रक्तातील ड जीवनसत्त्वाचे मोजमाप शक्य झाले. २००० साली दिल्लीत झालेल्या अभ्यासात उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका यांच्यापेक्षा पुष्कळ वर असल्याचे दिसले. पूर्वी माजघराने केले ते आता छताखालची नोकरी करीत होती. २००३ मध्ये अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे प्लॉटनिकॉफ व क्विगली यांनी कारण न सापडलेल्या, चिवट अस्थिस्नायुदुखीच्या १५० रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांत उणीव निघाली. हा आकडा जगभर गाजला आणि अंगदुखीचे उत्तर सापडले अशी अनेकांची समजूत झाली.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे. मिनीॲपोलिसच्या अभ्यासात तुलनेसाठी वेदना नसलेल्यांचा गट नव्हता. ज्या समाजात उणीव सार्वत्रिक असते, तेथे दुखणाऱ्यांतही ती आढळणारच. तेवढ्याने कार्यकारणभाव ठरत नाही. पुढे अमेरिकेत सुमारे २६,००० प्रौढांवर झालेल्या मोठ्या चाचणीत सरसकट दिलेल्या ड जीवनसत्त्वाने गुडघेदुखी कमी झाली नाही व अस्थिभंगही टळले नाहीत. अर्थात त्यांतील बहुसंख्य व्यक्तींत मुळात उणीव नव्हती. २०२४ मध्ये अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने निरोगी प्रौढांच्या रक्ताची सरसकट तपासणी करू नये असा सल्ला दिला. खऱ्या अस्थिमार्दवात ड जीवनसत्त्व व चुना यांनी वेदना हटते आणि स्नायूंचे बळ परत येते, हे यामुळे खोटे ठरत नाही. मात्र प्रत्येक अंगदुखी म्हणजे अस्थिमार्दव नव्हे. ऊसतोडीच्या मोळ्या वाहणाऱ्या बाईची कंबर ओझ्यानेही दुखते, आणि तिला गोळी देऊन ओझे विसरणे हा नव्या तऱ्हेचा अन्याय होईल.

शंभर वर्षांपूर्वीच्या नाशिकच्या अभ्यासकांपाशी रक्त मोजण्याचे साधन नव्हते. ड जीवनसत्त्व हे नावही तेव्हा नुकतेच रूढ होऊ लागले होते. त्यांच्यापाशी होती ती शेजारच्या दोन घरांची तुलना : कोण बाहेर जाते, कोण आत राहते, कोण काय खाते आणि कोणाचे हाड दुखते. आज साधने विपुल आहेत, आकडेही विपुल आहेत. मागे पडला आहे तो हा प्रश्नक्रम. परांडा, कळंब वा उमरगा तालुक्यांत उद्या कोणी अंगदुखीची पाहणी हाती घेतली, तर रक्ताच्या आकड्याशेजारी उन्हातील तास, ताटातील दूध, डोक्यावरील ओझे आणि घरातील स्थान हे चार रकाने अवश्य असावेत. न दुखणाऱ्या शेजारणीचीही नोंद त्याच तक्त्यात व्हावी. तिच्यावाचून दुखणारीच्या नोंदीला अर्थ येणार नाही.